फोटोतलं दार

मोठा दिवा घालवा, कोपऱ्यातला बारका तेवढा राहू दे. आणि फोन पालथे घाला सगळ्यांनी. मध्येच एखाद्याचा पडदा पेटला की माझी गोष्ट तुटते आणि तुमची पाचावर धारण बसते. दोन्ही नको.

हा आमचा नातू परवा विमानात बसणार. घर भाड्याने लावलंय आणि देखभालीला एक माणूस नेमलाय. "काळजी नको गं आजी, तो दर महिन्याला घराचे फोटो पाठवणार आहे," असं जेवताना म्हणाला, तेव्हा मी ताट बाजूला सारलं. म्हणून आज हे काढलं. ऐकीव नाही हं. माझ्या सख्ख्या धाकट्या दिरावर गुदरलेलं आहे, आणि त्यांनीच मला सांगितलंय, तू आत्ता बसलायस ना, तिथेच बसून. हसू नकोस गं नातसूनबाई, नवरा तुझा आहे, माझं काय जातं!

तर मंगळवार होता. थंडीचे दिवस, दिवेलागणीलाच काळोख दाटलेला. भाऊजी घरून निघाले ते अगदी साध्या कामाला. एका बंद घरात पलंगावर धुतलेली चादर घालायची, टाकीत पाणी चढवायचं, दिवे लागतात का बघायचं. त्या घराचा मालक रात्री यायचा होता. घर विकत घेतल्यापासून पहिल्यांदाच.

भाऊजींचा धंदा किल्ल्यांचा. बनवायचा नव्हे, सांभाळायचा. जे लोक घरं घेऊन ठेवतात आणि राहतात हजार कोसांवर, त्यांची घरं भाऊजी बघायचे. भाडेकरू आणायचा, नळ गळला तर माणूस बोलवायचा, आणि मालकाला फोनवर फोटो पाठवायचे. कमरेला जुडगा एवढा, की चालले की गाय घरी आल्यासारखं वाजायचं. माझी जाऊ म्हणायची, "ह्यांना चोरून कुठे जायची सोय देवाने ठेवलीच नाही, तेवढं बरं आहे."

फोटो काढण्यात मात्र हातखंडा. दिवसासुद्धा सगळे दिवे लावायचे, खिडक्या उघडायच्या, आणि घरातलं प्रत्येक दार सताड उघडं टाकायचं. "दार लोटलेलं असलं की खोली रुसल्यासारखी दिसते, वहिनी," म्हणायचे. "उघडं असलं की घर कसं हसतं!" दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तशी फोटोतून घरं साजरी. मालक तिकडे खूश, भाऊजी इकडे खूश. मधे जो राहायचा त्याला कोण विचारतो?

ह्या घरात भाडेकरू टिकेनासा झाला होता. आधी एक नवं जोडपं आलं, आठवडा नाही झाला तर सामान रिक्षात. मग एक दुकानदार आला, बायकापोरांसकट. तोही गेला. दोघांचं बोलणं एकच. बाथरूममध्ये कोणी नसतं, आणि आतून दार वाजतं.

मालक फोनवर हसला. "काका, भाडं पाडून घ्यायच्या युक्त्या आहेत ह्या. मीच येतो. एक रात्र झोपून दाखवतो तिथे, मग बघतो कोण ठोकतंय."

कोण ठोकत होतं ते भाऊजींना माहीत होतं. पण त्यांच्या तोंडाला कुलूप. का, ते कळायला जरा मागे जावं लागेल.

त्या घरात आधी एक बाई भाड्याने राहायची. एकटी. दवाखान्यातली नर्स, निवृत्त झालेली, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. निवृत्तीनंतरही कुणाचं म्हातारं माणूस आजारी असलं की रात्रभर उशाशी बसायला जायची. त्यामुळे तिचं येणं-जाणं अवेळी. दोन-दोन दिवस दिसली नाही तरी कुणाला काही वाटायचं नाही. स्वतःला साखरेचा आजार. रोजचं इंजेक्शन स्वतःच टोचून घ्यायची.

त्या घरात सगळं बरं होतं, बाथरूमचं दार सोडून. पाणी पिऊन पिऊन ते फुगलेलं. आत उघडायचं दार, आणि आतल्या बाजूची मूठ निखळून पडलेली. ओढून घेतलं की चौकटीत असं रुतायचं की आतल्या माणसाला धरायलाच काही नाही. बाहेरून मात्र एक धक्का दिला की झालं. पण एकट्या बाईला बाहेरून धक्का कोण देणार?

सिस्टरने भाऊजींना सांगितलं. परत सांगितलं. मग फोन सुरू केले. "अहो भाऊ, सुतार कधी येतोय? मी दार अर्धं उघडं ठेवून अंघोळ करते हो, ह्या वयात!" भाऊजींनी तिचा नंबर फोनमध्ये नावाने ठेवलाच नव्हता. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "दार". तिचा फोन आला की पडद्यावर दार वाजायचं आणि घरात हसू. मीही हसले होते एकदा.

भाऊजींनी मालकाला फोटो पाठवला. सवयीप्रमाणे दिवा लावून, दार सताड उघडून. मालकाने तिकडून उत्तर दिलं, "दार तर छान दिसतंय की, काका. म्हाताऱ्या बायकांना तक्रारीशिवाय करमत नाही. चालवून घ्या."

आता फोटोतलं दार कधी अडकतं का रे?

मग एक दिवस सिस्टरचे फोन थांबले. भाऊजींना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीचा फोन. ही शेजारीण ठार बहिरी, पण दोन्ही घरांची भिंत एकच, ठोकलेलं तिच्या पलंगाला जाणवायचं. तिच्याशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत ओरडणं. ती बोलणार, आपण ऐकणार.

"अहो किल्लीवाले! सुतार पाठवलात, फार बरं केलंत हो! बिचारी किती दिवस मागे लागली होती. पण रात्रीसुद्धा ठोकतो का हो तो? जरा सांगा त्याला!"

भाऊजींनी सुतार पाठवला नव्हता.

त्यांनी मालकाला विचारलं. मालक म्हणाला, "मी कशाला पाठवू? बाईंनीच लावला असेल स्वतःच्या खर्चाने. बरंच झालं. तुम्ही विषय काढू नका, नाहीतर आपल्यावर येईल."

भाऊजींनी विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारणीने पुन्हा फोन केला, खुशीत. "झालं वाटतं काम. आज ठोकाठोक नाही."

... काय झालं? पाणी हवंय का कुणाला? नको? बरं.

भाऊजी गेले ते आणखी एका दिवसाने, तेही दुसऱ्याच कामाला. किल्लीने घर उघडलं. टेबलावर सिस्टरचा फोन, चार्जरला लावलेला. त्याच्या शेजारी न टोचलेलं इंजेक्शन. बाथरूमचं दार बंद. वाऱ्याने लोटलं गेलं असेल, कुणास ठाऊक. भाऊजींनी बाहेरून नुसता हात टेकला आणि दार उघडलं. आतल्या बाजूला, खाली चौकटीपासून वर हात पोचेल तिथपर्यंत, लाकूड खरवडलेलं होतं. बादलीची कडी वाकून गेली होती.

सिस्टर गेली, गावात हळहळ झाली. तिला पुढे-मागे कोणी नव्हतं, त्यामुळे विचारायलाही कोणी आलं नाही. मालकाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं. पुढच्या भाडेकरूला सांगू नका. दार बदलायला हवं का?"

"लाकूड फार खरवडलंय, साहेब."

"रंग लावून बघा आधी. आणि एक मूठ बसवा, चांगली दिसेल अशी."

भाऊजींनी रंग लावला. चकचकीत पितळी मूठ बसवली. स्क्रू बारके, कारण कुजक्या लाकडात मोठे बसेनात. दार जसं फुगलेलं होतं तसंच राहिलं. मग सगळे दिवे लावले, दार सताड उघडलं, फोटो काढला. मालकाने अंगठा पाठवला.

तर तो मंगळवार.

भाऊजी घरात शिरले, दिवे लावले, चादर घातली. उशीला अभ्रा चढवत होते, पाठ बाथरूमकडे. आणि...

टक.

टक. टक.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, अभ्रा माझ्या दातांत तसाच राहिला." मघाशी त्यांनीच सताड उघडलेलं दार आता बंद होतं. त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

ठोकणं थांबलं. जणू आतलं कुणी कान देऊन ऐकतंय...

त्यांनी जुडगा मुठीत आवळला आणि दाराला धक्का दिला. उघडलं. आत कोणी नाही. भाऊजींनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून उघड्या दाराला लावलं, की परत लोटलं जाऊ नये. मग उरलेलं काम तसंच टाकून अंगणात जाऊन उभे राहिले मालकाची वाट बघत.

मालक आला टॅक्सीने. चाळिशीचा, गुळगुळीत माणूस, आत आल्याआल्या बूट न काढता सगळ्या खोल्यांतून फिरला. स्वतःचंच घर, पण पाहुण्यासारखा बघत होता. "अरे वा, फोटोत दिसतं त्यापेक्षा लहान आहे." मग स्टूल दिसलं. "हे काय मध्येच?"

"असू दे की, साहेब. वाऱ्याने दार वाजतं."

"वाऱ्याने?" मालक हसला. "म्हणजे तुमचं भूत म्हणजे वारा तर! काका, एवढं सांगायला मला विमानाने यायला लावलंत?" आणि पायाने स्टूल बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "दार नीट करून घेतलं होतंत ना?"

बघा, पोरांनो. इथे माणूस बोलू शकतो. दोन शब्द पुरे होते. "नाही, साहेब." नाहीतर नुसतं, "दार ओढून घेऊ नका." पण तेवढं म्हटलं तर नुसता रंग फासला हे कबूल करावं लागतं. एका मालकाने किल्ली काढून घेतली की दुसरा विचारतो, का बरं काढली? अख्खा जुडगा जातो. भाऊजींचं घर त्या जुडग्यावर चालायचं. आणि शिवाय, रंग लाव म्हणणारा समोरच तर उभा होता, त्याला माहीत नव्हतं की काय?

भाऊजी म्हणाले, "फोटो पाठवला होता ना, साहेब."

"हो, हो. छान होता," मालक म्हणाला.

भाऊजी फाटकापर्यंत गेले. तिथून वळले. म्हणाले, "मी वळलो होतो, वहिनी, शपथ घेऊन सांगतो, सांगायलाच वळलो होतो." पण मालक दारात कुणाशी तरी फोनवर बोलत होता. त्याने हात हलवला, उद्या बोलू. आणि दार लावून घेतलं.

रात्री बारा वाजून गेलेले. चंद्र नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा थंडीने गप्प. भाऊजींचा फोन वाजला.

शेजारीण.

"अहो किल्लीवाले! तुमचा सुतार परत आला का हो?"

भाऊजी उठून बसले.

"काय ही ठोकाठोक रात्रीची! माझा पलंग हलतोय! सांगा की त्याला!"

त्यांनी फोन ठेवला आणि मालकाला लावला. वाजला. वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा लावला. वाजत राहिला...

जाऊ जागी झाली. "एवढ्या रात्री कुठे?"

"आलोच," म्हणाले आणि जुडगा उचलला.

त्यांचं घर ते हे घर, मधे एकच रस्ता आणि एक वळण. वळणावर खांबाचा दिवा. तिथून त्या घराची मागची बाजू दिसते आणि बाथरूमचा झरोका, हाताच्या पंजाएवढा. झरोक्यात उजेड होता.

ठक.

ठक... ठक...

सावकाश. दम घेत घेत. आता थकल्यासारखं.

भाऊजी खांबाखाली उभे. किल्ली हातात. पन्नास पावलं असतील. बाहेरून एक धक्का, बस. त्यांना माहीत होतं. पण पाय उचलेना. आत कोण ठोकतंय हे कुणी सांगावं? मालक? की...

ठक...

"साहेब?" त्यांनी हाक मारली. आवाज स्वतःलाच ऐकू आला नाही.

आणि हातातला फोन थरथरला.

मालकाच्या नंबरवरून फोटो आला होता.

बाथरूमचं दार. सताड उघडं. सगळे दिवे लावलेले. अगदी भाऊजी काढायचे तस्साच. शब्द एकही नाही.

त्यांनी वर बघितलं. झरोक्यातला उजेड गेला होता. ठोकणं थांबलं होतं.

म्हणाले, "काय सांगू, छातीवरचा दगड उतरला माझ्या. म्हटलं, साहेब जागे आहेत. मुद्दाम ठोकून बघितलं असेल, आता मलाच दाखवतायत की दार बघा, उघडं आहे, कुठाय भूत. फोटो आहे ना! फोटोत दार उघडं आहे ना!"

माणसाला जे हवं असतं ते फोटोत दिसतं रे.

भाऊजी परत फिरले. जावेने विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. फोटो आलाय." पांघरूण घेतलं. आणि झोप लागली त्यांना, हे सगळ्यात वाईट. गाढ लागली.

सकाळी चहाचा थर्मास घेऊन गेले. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग स्वतःच्या किल्लीने उघडलं.

पलंगावर कोणी नाही.

बाथरूमचं दार बंद.

भाऊजींनी थर्मास खाली ठेवला. दारावर एक बोट टेकवलं. एकच. आणि ते सरसर उघडलं, तेल घातल्यासारखं.

मालक आत होता. पण दाराजवळ नव्हता. दारापासून लांबात लांब जो कोपरा, तिथे, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीत घुसायला निघाल्यासारखा. डोळे उघडे. ज्या दाराने बाहेर पडायचं, त्याच दारापासून सरकत सरकत तो तिथवर गेला होता. पितळी मूठ बारक्या स्क्रूंसकट खाली पडलेली. दोन्ही हातांची नखं... जाऊ दे. नवा रंग निघून खालचं जुनं खरवडलेलं लाकूड वर आलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पोलीस आले, बघून गेले. घराला कुलूप लागलं. आणि भाऊजींचा जुडगा, ज्याच्यासाठी ते फाटकावरून न बोलता गेले होते, तो महिन्याभरात एकेक करत रिकामा झाला. कुणाला विचारायची गरज पडली नाही. शेजारीण सगळ्यांना मोठमोठ्याने सांगत होती, "सुतार पाठवला होता हो त्यांनी, पण वेळेवर नाही!"

"मग फोटो, आजी? फोटो मालकाने अडकायच्या आधीच काढला असेल की. आणि नंतर गेला असेल. कधी कधी फोटो उशिरा जातो."

शाबास रे, नातवा. अगदी हेच मी भाऊजींना म्हटलं. तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला. तो फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि माझ्यासमोर धरला.

फोटो खोलीतून काढलेला नव्हता. बाथरूमच्या आतून काढलेला होता. उघडं दार, दारापलीकडे खोली. पलंगावर चुरगळलेली चादर. पांघरूण अर्धं खाली, कुणी रात्री घाईत उठल्यासारखं. पलंगाशेजारी टेबल.

त्या घरात त्या रात्री एकच फोन होता, मालकाचा. पोलिसांनीही तोच नेला. फोटो त्याच्यावरून आला होता.

आणि फोटोत, टेबलावर, तो फोन ठेवलेला होता. चार्जरला लावलेला. पालथा.